अटक ठाऊक, कटक कुठे?

‘अटकेपासून कटकापर्यंत’ हे शब्द मराठी मुलाला बाराखडीच्या पाठोपाठ मिळतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात ते ऐकू येतात, निवडणुकीच्या सभेत ऐकू येतात, आणि व्याही जरा बोलघेवडे असले तर लग्नाच्या पंगतीतही. यंदा मी गंमत म्हणून आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारले, ‘अटक कुठे आहे?’ पाच-सहा हात वर झाले. सिंधू नदी, राघोबादादा, १७५८, सगळे अगदी बरोबर. मग विचारले, ‘आणि कटक?’ वर्ग चिडीचूप. एकाने ते बेळगावाच्या आसपास असावे असा अंदाज बांधला. शेवटी मागच्या बाकावरून उत्तर आले, “सर, ओडिशात. तिथे बाराबटी स्टेडियम आहे.” भूगोलाची लाज क्रिकेटने राखली ती अशी!

वास्तविक अटकेवर आपला अंमल टिकला काही महिने. कटकात तो टिकला बावन्न वर्षे. स्मरण मात्र नेमके उलटे. जिथे आपण झेंडा लावून परतलो ती जागा आपल्याला पाठ आहे, आणि जिथे दोन पिढ्या राहून सारा वसूल केला तिथली नदीही आपल्याला सांगता येत नाही. दर दिवाळीला या पानांवर मी एकेका राज्याची ओळख करून देतो, ती यंदा ओडिशाची करून द्यावी असे त्या दिवशी वर्गातच ठरले. घरी सांगितले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, लेख लिहायचा तो लिहाल, पण पुरीला नेतो म्हणून दहा वर्षे सांगताहात त्याचे काय?” तेव्हा सुट्टी लागताच पुणे स्टेशनावर आम्ही सहकुटुंब कोणार्क एक्सप्रेसमध्ये चढलो. सोलापूर, सिकंदराबाद, विजयवाडा, विशाखापट्टण असा तो लांबचा वळसा. दीड दिवस गाडीत बसल्यावर कटक किती दूर आहे हे शरीराला कळते, आणि घोड्यावरून गेलेल्यांविषयी आदर वाटू लागतो.

प्रथम नकाशा समोर घ्यावा. ओडिशाचे क्षेत्रफळ १,५५,७०७ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ निम्मे. वस्ती २०११ च्या शिरगणतीत चार कोटी वीस लाखांच्या घरात. आपल्याकडे सह्याद्री समुद्राला खेटून उभा आहे आणि मोठ्या नद्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघून जातात. ओडिशाची रचना सरळ आहे. डोंगर मागे, समुद्र पुढे, आणि सारे पाणी परसातून अंगणात यावे तसे पश्चिमेकडून पूर्वेला उतरते. छत्तीसगडात सिहावाच्या डोंगरात उगम पावलेली महानदी, वेदव्यास या ठिकाणी शंख आणि कोयल यांच्या संगमातून निघालेली ब्राह्मणी, आणि केंदुझरच्या डोंगरातून येणारी वैतरणी, या तिघी मिळून किनाऱ्यावर गाळाची एक सलग सुपीक पट्टी घालतात. आपल्याकडच्या वैतरणेची ही थोरली बहीण म्हणायला हरकत नाही. मृतांनी ओलांडायच्या नदीचे नाव दोन्ही प्रांतांनी आपापल्या जित्या नदीला कसे दिले, हा एक वेगळ्या लेखाचा विषय आहे. असो.

कटक या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. आपल्या बखरींत सैन्याला कटकच म्हणतात. छावणीचे गाव ते कटक. महानदी आणि तिचाच फाटा काठजोडी यांच्या बेचक्यात ते वसले आहे, आणि काठजोडीच्या काठाने बांधलेली दगडी भिंत नसती तर केव्हाच वाहून गेले असते. ही भिंत अकराव्या शतकातल्या मर्कट केसरी राजाने बांधली असे तिथे सांगतात. मी त्या भिंतीवरून संध्याकाळी फेरफटका मारला. आपल्या पानशेतच्या पुराची गोष्ट आठवली, आणि शहर राखण्यासाठी भिंत बांधणाऱ्या त्या अभियंत्यांना मनातल्या मनात नमस्कार केला.

हे झाले किनाऱ्याचे ओडिशा. चित्रांतले, नारळीचे, देवळांचे. दुसरे ओडिशा घाटांच्या मागे आहे. उत्तरेला मयूरभंज, केंदुझर, सुंदरगड. पश्चिमेला संबळपूर, बलांगीर. दक्षिणेला कलाहंडी, रायगडा, कोरापुट. साल आणि मोहाची राने, नाचणीची शेते, आणि बासष्ट आदिवासी जमाती. शंभरांतले जवळजवळ तेवीस लोक आदिवासी आहेत. कलाहंडी हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचले ते १९८० नंतरच्या दशकात, भुकेच्या बातम्यांत. म्हणून तिथे आपल्या माणदेशासारखा कोरडा दुष्काळ असेल अशी आपली समजूत होते. तसे नाही. कलाहंडीचा सरासरी पाऊस आपल्या मराठवाड्याच्या पावसाहून कितीतरी अधिक आहे. पाणी पडते, पण शेतात थांबत नाही. भात पिकतो, पण घरात थांबत नाही. ज्या प्रदेशात पीक असून पोट रिकामे राहते तिथे दोष ढगांचा नसतो, एवढे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

इतिहासाकडे वळतो. कलिंगयुद्ध आणि अशोकाचा पश्चात्ताप सर्वांना ठाऊक आहे. पण भुवनेश्वराजवळ दया नदीच्या काठी धौली येथे तो शिलालेख प्रत्यक्ष पाहायला गेलात, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या तेराव्या लेखात कलिंगातल्या कत्तलीचे वर्णन आहे, तो लेख खुद्द कलिंगात कोरलेलाच नाही! धौली आणि जौगड या दोन्ही ठिकाणी अकरा, बारा, तेरा हे लेख गाळून त्या जागी दुसरे दोन लेख घातले आहेत. त्यांत अधिकाऱ्यांना ताकीद आहे, की प्रजेला लेकरांप्रमाणे वागवा, विनाकारण तुरुंगात टाकू नका. जिंकलेल्या लोकांना त्यांच्या मृतांची संख्या त्यांच्याच डोंगरावर वाचायला लावू नये, एवढा विवेक त्या सम्राटाला होता. दोन हजार वर्षांनंतरच्या राज्यकर्त्यांना तो असता तर बरे झाले असते.

पुढे दोनअडीच शतकांत त्याच कलिंगात खारवेल राजा झाला. उदयगिरीच्या हाथीगुंफेतला त्याचा लेख मराठी माणसाने अवश्य पाहावा, कारण त्यात आपण आहोत. सातकर्णीला न जुमानता मी पश्चिमेकडे हत्ती, घोडे, रथ, पायदळ धाडले, असे त्यात राजा सांगतो; पुढच्या एका ओळीत रथिक आणि भोजक आपल्या पायाशी नमल्याचे सांगतो. सातकर्णी म्हणजे आपला सातवाहन. रथिक-भोजक म्हणजे महाराष्ट्र-विदर्भाकडचे सरदार, असे बहुतेक विद्वान मानतात. तात्पर्य, भोसल्यांचे घोडे महानदीवर गेले त्याच्या कितीतरी आधी कलिंगाचे हत्ती आपल्याकडे येऊन गेले होते. हे मी मुलाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, “मग फिट्टंफाट झाली, बाबा.” मुलांचा हिशेब नेहमी सरळ असतो.

तो हिशेब इतका सरळ नाही. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ च्या सुमारास बंगालवर चालून गेल्या. सेनापती भास्करराम कोल्हटकर. १७४४ साली अलीवर्दीखानाने त्याला तहाच्या बोलण्यासाठी बोलावून मनकऱ्याच्या डेऱ्यात मारले, हे आपल्या इतिहासात विश्वासघात म्हणून नोंदले आहे आणि ते योग्यच आहे. पण त्याच फौजेतले बारगीर बंगालच्या तोंडी ‘बर्गी’ झाले, आणि तिकडच्या आया मूल झोपत नसले की अंगाईत त्यांचे भय घालू लागल्या. आपल्या शूरांचे नाव कुणाच्या अंगाईत बागुलबुवा म्हणून जाऊन बसले आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवे. मुलांना ते पेलते.

१७५१ च्या तहाने सुवर्णरेखेपर्यंतचा ओडिशा भोसल्यांकडे आला, वर बंगालची बारा लाखांची चौथ. शिवभट साठे, पुढे राजाराम पंडित असे सुभेदार कटकात बसून कारभार पाहू लागले. हा कारभार कसा होता? इंग्रजांनी तो अंधारयुग म्हणून रंगवला, कारण आपला दिवा उजळ दिसायला शेजारी काळोख लागतो. तिथल्या जाणत्यांशी बोलताना मला दोन्ही बाजू ऐकायला मिळाल्या. वसुली कडक होती, स्वारीच्या वेळी गावे लुटली जात. पण जगन्नाथाच्या देवळाची व्यवस्था चालू राहिली, यात्रेच्या वाटेवर वर्दळ वाढली. पुरीच्या सिंहद्वारापुढे जो अखंड काळ्या पाषाणाचा अरुणस्तंभ उभा आहे, तो पूर्वी कोणार्कला होता. ओस पडलेल्या सूर्यमंदिरापुढून तो मराठी अमलात इथे आणला गेला. सौ. त्या खांबाला हात लावून मला म्हणाल्या, “म्हणजे आपल्या माणसांनी हलवला तर!” त्या स्वरात अभिमान किती आणि खंत किती ते मला सांगता येणार नाही.

आणि हे राज्य गेले कुठे? कटकातला बाराबटी किल्ला इंग्रजांनी ऑक्टोबर १८०३ मध्ये घेतला. पण कायमचे पाणी सोडले गेले ते आपल्या विदर्भात. आडगावची लढाई हरली, गाविलगड पडला, आणि १७ डिसेंबर १८०३ ला देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी कटक प्रांत लिहून दिला. ओडिशाचे भवितव्य ओडिशात न ठरता शेकडो कोस दूर कुठे तरी ठरायचे, ही तऱ्हा जुनीच. आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिने त्या लोकांचा फार मोठा बळी घेतला.

ही तऱ्हा कशी चाले त्याचा मासला कवड्यांत सापडतो. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो, ‘फुटकी कवडी’ म्हणतो; पण ओडिशात कवडी हे खरेखुरे चलन होते. मालदीव बेटांतून गलबतांत भरून ती बालेश्वराच्या बंदरात उतरे. ऐंशी कवड्यांचा एक पण, सोळा पणांचे एक काहाण, आणि चार काहाणांना एक रुपया, म्हणजे रुपयाला ५,१२० कवड्या. शेतकरी, मिठागरवाला, पाईक म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात चाकरी करणारा शिपाई, साऱ्यांचा व्यवहार कवड्यांत. कंपनी सरकारने सारा चांदीच्या रुपयांतच भरावा असा हट्ट धरला. चांदी आणायची कुठून? जो तो कवड्या घेऊन सावकाराच्या दारात उभा. रुपया महाग झाला, कवडी स्वस्त झाली, आणि कागदावर सारा एका पैशानेही न वाढता प्रत्यक्षात दीडपटीवर गेला. भरीला मिठाचा मक्ता सरकारने घेतला, पाइकांच्या जमिनी काढून घेतल्या. लिलावात इस्टेटी परप्रांतीयांनी विकत घेतल्या. १८१७ साली खुर्द्याला बक्षी जगबंधूच्या नेतृत्वाखाली पाइकांनी बंड केले ते यातून. नाणे बदलले म्हणून राज्यात आग लागली, असे इतिहासात वारंवार घडते. पण ज्याने नाणे बदलले तो दर वेळी चकित झालेला दिसतो.

त्याहून भयंकर प्रकार १८६६ चा. ओडिशात त्याला ‘नअंक दुर्भिक्ष’ म्हणतात. पुरीच्या गजपती राजांची वर्षे मोजण्याची एक खास रीत आहे, तिला अंक म्हणतात. त्यात एक हा आकडा गाळतात, सहा गाळतात, ज्यांच्या शेवटी सहा किंवा शून्य येते ते गाळतात, अपवाद फक्त दहाचा. त्यामुळे गजपती दिव्यसिंहदेवांचा नववा अंक म्हणजे प्रत्यक्षात सातवेच वर्ष. अशुभ आकडे गाळून मोजलेल्या कालगणनेत हे वर्ष मात्र गाळता आले नाही.

१८६५ चा पाऊस सप्टेंबरातच आटोपला. भात करपला. आधीच्या चांगल्या सालातला साठा व्यापाऱ्यांनी बाहेर धाडून झाला होता. बाहेरून तांदूळ मागवावा अशी मागणी कलकत्त्याच्या महसूल मंडळाकडे गेली, तर मंडळाने व्यापारात सरकारने हात घालू नये या तत्त्वावर बोट ठेवले. बाजारात तांदूळ असेल तर भाव चढताच तो बाहेर येईल, असे पुस्तकात लिहिले होते. तांदूळ नव्हताच. डोळे उघडले तोवर १८६६ चा मान्सून येऊन ठेपला. समुद्र खवळलेला, गलबते किनाऱ्याला लागेनात, खुष्कीची वाट चिखलात बुडालेली. सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या वेळच्या ओडिशाची ही एकतृतीयांश वस्ती. आणि वाचकहो, शेवटी जो तांदूळ मोठा खर्च करून आणला, तो पोहोचला तेव्हा नवे पीक हाताशी येऊ लागले होते. पुढच्या साली तो उरला!

कालवे, रस्ते, कटकचे रेव्हेनशॉ कॉलेज, ही सगळी त्या दुष्काळानंतरची बांधकामे. ज्या कमिशनरच्या कारकिर्दीत एवढा संहार झाला त्याच रेव्हेनशॉचे नाव कॉलेजला आहे आणि ओडिशातल्या सुशिक्षितांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच कॉलेजातून निघाल्या.

याच सुशिक्षितांनी एक गोष्ट ओळखली. आपले ओरडणे कलकत्त्याला ऐकू जात नाही, कारण ज्या भाषेत आपण ओरडतो ती तिथे कुणी भाषाच मानत नाही. १८७० साली बालेश्वरच्या सरकारी शाळेतले एक बंगाली शिक्षक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी पुस्तिका काढली, की उडिया ही स्वतंत्र भाषा नाही, बंगालीचीच बोली आहे. शाळांतून ती काढून टाकावी. मराठीचा मास्तर म्हणून मला या प्रकरणात विशेष रस. ज्या भाषेत पंधराव्या शतकात सारळादासाने अख्खे महाभारत रचले, ज्या भाषेतले जगन्नाथदासाचे भागवत ऐकायला गावोगाव ‘भागवत टुंगी’ नावाच्या झोपड्या बांधल्या जात, तिला बोली ठरवायला एक पुस्तिका पुरे होते, कारण पुस्तिकेपाठीमागे कारकुनीच्या नोकऱ्या असतात. बालेश्वरचा फकीरमोहन सेनापती या प्रकाराविरुद्ध उभा राहिला. त्याने छापखाना काढला, पाठ्यपुस्तके लिहिली. जॉन बीम्स नावाचा भाषापंडित कलेक्टर त्याच्या बाजूने बोलला, आणि उडिया शाळेत टिकली. याच फकीरमोहनाने पुढे ‘छ माण आठ गुंठ’ ही कादंबरी लिहिली. नावच जमिनीचे माप आहे. एका विणकर जोडप्याची सहा एकरांची जमीन सावकार कशी गिळतो याची ती गोष्ट; १८९७ पासून मासिकातून क्रमशः आली. आपले हरिभाऊ आपट्यांचे समकालीन हे. हरिभाऊ माजघरातले दुःख सांगत होते त्याच सुमारास हा गृहस्थ सातबाऱ्यातले दुःख सांगत होता. तिचे भाषांतर मिळाले तर जरूर वाचावे. हसवत हसवत रडवणारा लेखक आहे.

संबळपूरची कथा तर आपल्या आणखी जवळची. तो जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात, म्हणजे कारभार नागपूरहून. १८९५ साली हुकूम निघाला, की यापुढे संबळपूरच्या कचेऱ्यांतून उडिया बंद, हिंदी चालू. आपलाच खटला आपल्याला कळेना अशी लोकांची गत झाली. आरडाओरड होऊन भाषा परत मिळाली आणि १९०५ साली जिल्हाही ओडिशाला जोडला गेला. १९०३ मध्ये मधुसूदन दास यांनी उत्कल संमेलनी स्थापन केली होती. बंगाल, मद्रास, मध्य प्रांत असे तीन दारांत विखुरलेले एक कुटुंब एका छपराखाली आणायचे, ही तिची मागणी. १ एप्रिल १९३६ ला ओडिशा प्रांत झाला. भाषेच्या पायावर उभा राहिलेला देशातला हा पहिला प्रांत. आंध्र १९५३ चा, आपला महाराष्ट्र १९६० चा. आपण मुंबईसाठी लढत होतो तेव्हा आपल्या मागणीचा दाखला चोवीस वर्षे आधीच घालून ठेवलेला होता. मधुबाबू मात्र तो पाहायला राहिले नाहीत. १९३४ सालीच ते गेले. अभिजात भाषेचा मान ओडियाला मिळाला २०१४ साली, मराठीला २०२४ साली. दोन्ही वेळा ते दहा-वीस वर्षे पुढे, हे आपण खिलाडूपणे मान्य करायला हवे. (जाता जाता : भाषेसाठी जन्मलेल्या या राज्याने २००० ते २०२४ अशी सलग चोवीस वर्षे ज्यांना मुख्यमंत्री ठेवले, त्या नवीन पटनाईकांना अस्खलित ओडिया बोलता येत नसे. लोकशाहीचे गणित भाषेच्या मास्तरांना सुटत नाही ते असे.)

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, भुवनेश्वरला नवी राजधानी बांधायला १९४८ मध्ये प्रारंभ झाला, आणि ओडिशात मोठमोठी कामे आली. संबळपूरजवळ महानदीवरचे हिराकूद धरण १३ जानेवारी १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते खुले झाले. बाजूचे बांध धरून लांबी पंचवीस किलोमीटरांहून अधिक. १९३७ च्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांनी सुचवलेली ही कल्पना. धरणाने किनाऱ्याच्या पुराला लगाम घातला, बरगडकडे भाताची हिरवी शेते उभी केली, हे डोळ्यांनी दिसते. अडीचशेहून जास्त गावे आणि लाखाहून अधिक माणसे त्याने उठवली, हे डोळ्यांनी दिसत नाही. पाणी फार खोल आहे. रूरकेल्याला जर्मनांच्या मदतीने पोलादाचा कारखाना आला, त्याची ‘पार्वती’ नावाची पहिली झोतभट्टी ३ फेब्रुवारी १९५९ ला राजेंद्रबाबूंनी पेटवली. पारादीपला बंदर झाले, १९६६ मध्ये ते मोठ्या बंदरांच्या यादीत गेले. खाणीतले लोहखनिज थेट जपानला जावे अशी ती योजना होती.

ओडिशाच्या पोटात काय आहे याची कल्पना यावी म्हणून सांगतो. देशातले क्रोमाइट जवळजवळ सगळे एकट्या सुकिंदाच्या खोऱ्यात. बॉक्साइट देशाच्या निम्म्याहून अधिक. उत्तम लोहखनिज एकतृतीयांशाच्या आसपास. तालचेर आणि ईब खोऱ्यांत कोळसा. आपल्या स्वयंपाकघरातले भांडे, खिडकीची चौकट, नातवाची सायकल, यांतले काही ना काही त्या डोंगरांतून आलेले असते. आणि तरी दरडोई उत्पन्नात ओडिशा देशाच्या सरासरीखालीच राहिला. गरिबी झपाट्याने हटते आहे, हेही खरे. नीती आयोगाच्या बहुआयामी मोजणीत २०१५-१६ मध्ये शंभरांत एकोणतीस लोक गरीब होते ते २०१९-२१ मध्ये सोळावर आले. पण ज्याच्या जमिनीखाली खनिज निघते त्याच्या वाट्याला ते येत नाही, अशी तिथली जुनी तक्रार आहे. २०१५ च्या कायद्याने खाणमालकांनी जिल्ह्याच्या निधीत वाटा घालायचा असे ठरले, त्यामुळे केंदुझरसारख्या जिल्ह्याच्या तिजोरीत आता मोठी रक्कम जमा होते. ती कशी खर्च होते यावर पुढचे सारे अवलंबून.

नियमगिरीची हकीकत येथेच सांगायला हवी. रायगडा-कलाहंडीच्या सीमेवरचा हा डोंगर डोंगरिया कंध लोकांचा देव. नियमराजा असे देवाचे नाव. माथ्यावर बॉक्साइट. कंपनीला ते हवे, लोकांना देव हवा. १८ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ग्रामसभांना विचारा. त्या पावसाळ्यात बारा गावांत सभा भरल्या, आणि बाराच्या बारा गावांनी नको म्हटले. माझ्या एका सहकाऱ्याला हे पटत नाही. तो अर्थशास्त्र शिकवतो. बारा खेड्यांनी देशाचे ॲल्युमिनियम अडवायचे का, असे तो विचारतो. प्रश्न अगदीच फेटाळण्याजोगा नाही. मी त्याला एवढेच म्हटले, की १८६५ साली महसूल मंडळाऐवजी बारा गावांना विचारले असते तर तांदूळ वेळेवर आला असता. त्याला हा युक्तिवाद बाजू सोडून केलेला वाटला. मला वाटला नाही.

ओडिशा आता आपल्या घरापर्यंत आला आहे, तो खनिजाच्या रूपाने नव्हे तर माणसांच्या. गंजामची लाखो माणसे सुरतेच्या यंत्रमागांवर आहेत. मे २०२० मध्ये त्यांना भरून घेऊन गाड्या परत गेल्या ते आपण पाहिले. बलांगीरची कुटुंबे उचल घेऊन तेलंगणातल्या वीटभट्ट्यांवर जातात. आपल्या ऊसतोडणीच्या उचलीची ही सख्खी बहीण. आणि नळ गळू लागला की आमच्या सोसायटीत जो येतो, तो केंद्रापडा जिल्ह्यातला. त्या जिल्ह्यातले पट्टामुंडई हे गाव नळकाम करणाऱ्यांचे म्हणून देशभर ठाऊक आहे. तिथे या कामाची एक सरकारी शिक्षणसंस्थाही आहे. प्रवासाहून परतल्यावर मी त्याला पखाळाविषयी विचारले, म्हणजे पाण्यात भिजवून आंबवलेला भात, उन्हाळ्याचे तिथले अमृत. पाना खाली ठेवून तो म्हणाला, “सर, तुम्ही खाल्लात? कांदा होता ना बरोबर?” कांदा होता हे ऐकून त्याचे समाधान झाले. रसगुल्ला तुमचा की बंगाल्यांचा, हे मात्र मी त्याला विचारले नाही. भौगोलिक मानांकन दोघांनाही मिळाले आहे, बंगालला २०१७ मध्ये आणि ओडिशाला २०१९ मध्ये, तेव्हा आपण कशाला आगीत तेल ओता?

एका बाबतीत मात्र साऱ्या देशाने ओडिशाकडे शिकायला जावे. २९ ऑक्टोबर १९९९ ला, दिवाळीच्या तोंडावर, जे महाचक्रीवादळ आले त्यात सरकारी हिशेबानेच दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर त्या राज्याने आपत्तिनिवारणाचे स्वतंत्र प्राधिकरण उभारले, किनाऱ्यावर पक्की निवाराघरे बांधली, गावोगाव तरुणांना शिकवून तयार केले. १२ ऑक्टोबर २०१३ ला फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले होते. मे २०१९ मध्ये फनी आले तेव्हा बारा लाखांहून अधिक. दोन्ही वेळा मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. गरीब राज्याने हे केले. पुरीजवळ आम्ही असे एक निवाराघर पाहिले. खांबांवर उभी साधी इमारत. एरवी तिथे शाळा भरते.

आता सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. रथयात्रा आषाढात; पण मुलेबाळे बरोबर असतील तर त्या गर्दीपेक्षा दिवाळीनंतरचे दिवस बरे. चिलिका सरोवरात नोव्हेंबरपासून उत्तरेकडचे पक्षी उतरतात. गोड्या-खाऱ्या पाण्याचे हे सरोवर गाळाने समुद्रापासून तुटत चालले होते. सप्टेंबर २००० मध्ये वाळूच्या दांड्यातून नवे मुख कापले आणि मासळी परत आली. सातपाड्याहून होडी मिळते, डॉल्फिन दिसतात, भाव आधी ठरवावा. संबळपुरी साडी घ्यायची तर सुताला आधी गाठी बांधून रंगवलेली, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी पाहून घ्यावी. हे ज्ञान सौ.चे आहे आणि त्याची किंमत मी मोजली आहे.

आणि जमल्यास कार्तिकी पौर्णिमेला कटकात असावे. त्या दिवशी पहाटे ओडिशातली माणसे केळीच्या सोपटाच्या, कागदाच्या छोट्या होड्या करून, त्यांत पणती आणि विडा ठेवून नदीत सोडतात. बाली, जावा, सुमात्रा बेटांकडे व्यापाराला जाणाऱ्या आपल्या पूर्वजांची ती आठवण. बाराबटी किल्ल्याच्या खाली महानदीच्या वाळवंटात त्याच दिवसापासून ‘बालीयात्रा’ नावाची मोठी जत्रा भरते. चांदीच्या तारेचे नक्षीकाम, खेळणी, दहीबरा-आलूदम यांची दुकाने लागतात. नदीला तेव्हा पाणी उतरलेले असते. वर छत्तीसगडात बंधारे झाले म्हणून ते अधिक उतरते, अशी ओडिशाची तक्रार आहे आणि तिच्या निवाड्यासाठी २०१८ मध्ये लवाद नेमला गेला आहे. आमच्या शेजारी एक आजोबा नातीची होडी हातात घेऊन पाणी पुरेसे खोल लागेपर्यंत धोतर सावरत बरेच आत चालत गेले, आणि मग त्यांनी ती सोडली.